आबा, ब्रेक लागत नव्हते

आबा,

गेल्या महिन्यात एका ड्रायव्हरने माझ्यादेखत पोलिसाला सांगितलं, ‘चूक माझीच आहे,’ आणि मला तुमचा इतका राग आला की तुम्ही जिवंत असता तर तशीच रिक्षा करून उधन्याच्या आपल्या चाळीत येऊन तुमच्याशी भांडले असते. तुम्ही जाऊन इतका काळ लोटला की तुमचा चेहरा मला आता भिंतीवरच्या फोटोतलाच आठवतो, आणि त्या फोटोत तुम्ही स्टुडिओवाल्याच्या कोटात आहात, म्हणजे तो चेहराही पुरता तुमचा नाही. आवाज मात्र विसरले नाही. ‘मनी चूक शे,’ असं तुम्ही म्हणाला होतात. माझी चूक आहे. इतक्या सरळ आवाजात, की जणू कुणी तुमचं गाव विचारलं होतं.

तुमचा ट्रॅक्टर मला अजून दिसतो. मिलच्या रंगाई खात्यातून निघालेलं ओलं कापड ट्रॉलीत भरायचं आणि ती ट्रॉली उतारावरून मागे मागे घेत खालच्या शेडच्या ओट्याला नेऊन लावायची, हे तुमचं काम. ओलं कापड किती जड असतं हे ज्यांनी कधी घरची एक चादर पिळलेली नाही त्यांना कळणार नाही, आणि मिलचे शेठ त्यांतलेच होते. त्या ट्रॅक्टरचे ब्रेक लागत नव्हते. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं, आपल्या चाळीतल्या कुत्र्यालाही माहीत असावं, कारण तुम्ही घरी येऊन हातपाय धुताना रोज तेच सांगायचात. मुकादमाला सांगितलं, मुकादम म्हणाले बघू. पुन्हा सांगितलं, पुन्हा बघू. दसऱ्याला त्याच ट्रॅक्टरला झेंडूची माळ घातली, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि शेठच्या हस्ते पेढे वाटले. मी तेव्हा शाळेचा निळा फ्रॉक घालून तिथे उभी होते. मला वाटलं होतं, एवढं सगळं करतायत तर ब्रेकही करतील.

ब्रेकचं काम एक माणूस करायचा. तो परभणीकडचा, तुमच्याहून लहान, अंगाने काडी. ट्रॉली मागे येत असताना तो मागच्या चाकाजवळ चालायचा, हातात एक काळा दगड, आणि ओटा जवळ आला की तुम्ही ‘हां’ म्हणायचात आणि तो चाकाखाली दगड सरकवायचा. मिलमधली रीतच होती ती. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. दसऱ्याला त्या दगडालाही हळदकुंकू लागलं. रविवारी तो आपल्याकडे जेवायला यायचा, आई कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढायची, आणि तो दर रविवारी तोच विनोद करायचा. “वैनी, गावाकडं कळवलंया म्या, मिलमंदी ब्रेकच्या जागेवर लागलोय. पर्मनंट!” आई तोंडाला पदर लावून हसायची. तुम्ही म्हणायचात, “जेव रे, भाकर थंडी होई ऱ्हायनी.” तुम्ही त्या विनोदावर कधी हसला नाहीत, हे मला फार नंतर लक्षात आलं.

तो दिवस मी पाहिलेला नाही. ऐकलेला आहे, आणि पुढे आयुष्यभर नर्सिंग केल्यामुळे तो मला पाहिल्यापेक्षा जास्त स्पष्ट कळतो. उतार ओला होता. ट्रॉली जास्त भरली होती. तुम्ही ‘हां’ म्हणालात, तो वाकला, आणि दगड लागायच्या आधी ट्रॉली आली. ओटा आणि ट्रॉली यांच्यामध्ये माणसाची कंबर आली की काय होतं ते मी इथे लिहिणार नाही, तुम्ही ते पाहिलंत. तो मेला नाही. मेला असता तर कदाचित कुणी दोन प्रश्न विचारले असते. त्याला थोडे दिवस दवाखान्यात ठेवलं आणि मग घोंगडीवर निजवून गाडीत घालून गावी पाठवलं. आईने बरोबर भाकऱ्या बांधून दिल्या. त्यानंतर आपल्याला त्याची काही खबर नाही. मी विचारलं तर आई म्हणायची, “शे कुठेतरी.”

पोलीस आले तेव्हा तुम्ही सांगितलंत, “मनी चूक शे. मनं ध्यान नही व्हतं.” ब्रेकचा शब्द काढला नाहीत. चार लोकांनी ऐकलं, आणि चौघांनाही ब्रेक माहीत होते.

मग मुकादमकाका आपल्याकडे आले. तुम्हाला चौकीवरून सोडवून आणल्याचं सांगायला, म्हणजेच आम्ही सगळ्यांनी त्यांचे आभार मानावेत म्हणून. ते आपल्याच गावचे. तुम्हाला सुरतेला त्यांनी आणलं, खोली त्यांनी दिली, मिलमध्ये त्यांनी लावलं. ते खाटेवर बसलेले, तुम्ही खाली. आई स्टोव्हला पंप मारतेय. मी दाराशी उभी राहून विचारते, “काका, ट्रॅक्टरचे ब्रेक कधी दुरुस्त करणार?” मुकादमकाका हसतात आणि तुम्हाला विचारतात, “काय रे, इंग्रजी शाळेत हेच शिकवतात का? मोठ्यांना जाब विचारायला?” तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नाही. म्हणता, “चहा दे त्यांना.” मी कपबशी दोन्ही हातांनी धरून नेऊन देते. ते फुर्र करून पितात. बशीतून.

ते गेल्यावर मी तुम्हाला विचारलं, खोटं का बोललात. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगत की खोटं बोलणं पाप आहे आणि खरं माहीत असून गप्प बसणं त्याहून भित्रं पाप आहे. सिस्टरांना मिलमध्ये काम करावं लागत नव्हतं हे मला तेव्हा सुचलं नाही. तुम्ही म्हणालात, “तो आपला माणूस शे, माय. त्यानी माले आठे आणं. तुले शाळामा त्यानीच घालं.” हे मला ठाऊक नव्हतं. त्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून मुकादमकाकांनी शेठकडे शब्द टाकला होता, शेठनी मदरकडे. म्हणजे माझं ते सगळं इंग्रजी, माझी ती ताठ मान, मोठ्यांना जाब विचारायची ती सवय, सगळं त्याच माणसाच्या शब्दावर उभं होतं. तुम्ही उठून कामावर गेलात. त्याच ट्रॅक्टरवर. दगड धरायला नवा माणूस लागला होता.

मी पुढे नर्स झाले, मग मेट्रन झाले, आणि निवृत्त होईपर्यंत मिलमधून आलेल्या माणसांच्या जखमा धूत राहिले. एक गोष्ट तुम्हाला सांगते आबा, त्या जखमा मिलमधून आलेल्या कधीच नसायच्या. मिलला भरपाई द्यावी लागू नये म्हणून त्या हायवेवरून यायच्या. कुणी मोटरसायकलवरून पडलेला असायचा, कुणाला अज्ञात ट्रकने उडवलेलं असायचं. अंगावर रंगाचे डाग, केसांत कापसाचे तंतू, चपला मिलमधल्या, आणि बरोबर आलेला सुपरवायझर सांगायचा, “सिस्टर, रोड ॲक्सिडेंट.” मी म्हणायचे, “रस्त्यावर काय फोर्कलिफ्ट चालवतात का तुमच्याकडे?” तो हसायचा, माझ्या मागे डॉक्टर हसायचा. माझी जीभ तिखट आहे अशी माझी ख्याती होती. तिखट जिभेचा उपयोग काय, लोक चवीने ऐकतात आणि पाणी पितात.

आता मी सुरतेतच, पर्वत पाटिया भागात राहते. वरच्या मजल्यावर धुळ्याकडचं एक जोडपं भाड्याने राहायचं. तो पलसाण्याच्या एका मिलमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा, म्हणजे पुढे लोखंडाचे दोन दांडे असलेली ती बुटकी गाडी, कापडाच्या गाठी उचलायची. तुमच्या ट्रॅक्टरची नात समजा. मला मावशी म्हणायचा. बायको तोंडाने फटकळ, माझ्या जिभेच्या जवळपास पोचणारी, म्हणून माझं तिच्याशी जमायचं. एके दुपारी तो जिन्यातच बसलेला दिसला. मी म्हटलं, “काय रे, कामावर नाही? सासुरवाडीहून पाहुणे आलेत की काय?” तो वर बघेना. म्हणाला, “मावशी, ती ओरडली तेव्हा कळलं मला. आधी वाटलं, गाठच पडली खाली.”

हळूहळू कळलं. गेटवर ट्रक उभा होता आणि सुपरवायझरने घाई केली, एका फेरीत सगळं ने. गाठी एकावर एक अशा रचल्या की ड्रायव्हरला समोरचं दिसेना. असं असलं की गाडी उलटी चालवायची असते, पण गेटकडच्या त्या बोळात वळवायला जागा नाही. समोर एक माणूस चालायला हवा, तो ट्रकवर चढवला होता. हॉर्न वाजवायचा, तर हॉर्नची वायर शेठच्या ऑफिसात आवाज जातो म्हणून काढून ठेवलेली. आणि बोळात एक बाई पाठमोरी बसून साड्यांचे धागे कापत होती, कारण आत बायकांना बसायला जागा नाही आणि बोळात निदान वारा येतो. नांदेडकडची बाई. गुडघ्याखालून पाय गेला. डॉक्टरांना कापावा लागला.

त्याची बायको खाली आली आणि मला पुढचं सांगितलं. “मावशी, उद्या पोलीस येणार दवाखान्यात. यांनी सांगायचं की ती यांच्या मोटरसायकलवर मागे बसली होती आणि हायवेवर गाडी घसरली.”

“कुणी ठरवलं हे?”

“मामांनी.”

मामा म्हणजे तो सुपरवायझर. सख्खा नव्हे, गावचा. त्याने या पोराला सुरतेला आणलं, खोली बघून दिली, लग्नही जुळवलं. मी ऐकत होते आणि मला वाटत होतं, हे मी कुठेतरी आधी ऐकलंय, फक्त ट्रॅक्टरचा आवाज तेवढा बदललाय.

“आणि ती बाई काय म्हणते?” मी विचारलं.

“तिला कोण विचारतंय? तिच्या नवऱ्यालाही हेच सांगितलंय.”

“अगं, तुझा नवरा परक्या बाईला मागे बसवून हायवेला फिरत होता असं तो पोलिसाला सांगणार, आणि तुला चालतं?”

“मला माहीत आहे ना खरं काय ते. लोक बोलतील दोन दिवस. काम तर राहील.”

“आणि तिचा नवरा? त्याला माहीत आहे का खरं काय ते? पाय तर मिलने घेतला, आता अब्रूही मिललाच देऊन टाकायची का तिने?”

तिला कळलं होतं. कळलेलं तोंडावर दिसतं, आबा, तुमच्याही दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराबरोबर रिक्षात बसून दवाखान्यात गेले. ती बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगावरची चादर एका बाजूला सपाट. नवरा स्टुलावर, तिच्यापासून हातभर लांब, आणि त्या हातभर अंतराकडे बघूनच मला समजलं की मामांची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचून मुरली आहे. तो तिला दबक्या आवाजात विचारत होता, “खरं सांग, कुठं चालली व्हतीस?” आणि ती भिंतीला सांगत होती, “म्या कुठं जाऊ? म्या धागे कापत व्हते.” “मग हे समदे खोटं बोलत्यात का?” तिने उत्तर दिलं नाही. हो म्हणायचा तिला हक्क होता, पण इतक्या शर्ट-पँटवाल्या माणसांच्या समोर ‘समदे खोटं बोलतात’ असं म्हणायला पाय लागतात.

मग हवालदार आला. मामा त्याच्यामागून, हातात चहाची पिशवी आणि कागदी कप. हवालदार पलंगाच्या कडेला टेकला आणि म्हणाला, “बोल भाई, शुं थयुं?” ड्रायव्हरने सुरुवात केली, “साहेब, मी मोटरसायकल घेऊन चाललो होतो, ही मागे बसली होती...” आणि नवऱ्याने मान खाली घातली. ती मान खाली जाताना मी पाहिली.

मी म्हटलं, “हात दाखव.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हवालदाराने विचारलं, “काकी, तमे कोण?” मी म्हटलं, मी निवृत्त मेट्रन आहे, माझी सगळी नोकरी मोटरसायकलवरून पडलेल्यांना टाके घालण्यात गेली. घसरून पडलेला माणूस आधी हात टेकतो. तळवे सोलतात, कोपरं फुटतात, गुडघ्यात खडी रुतते. याचे हात बघा. लग्नातल्या नवऱ्यासारखे स्वच्छ आहेत. मागे बसलेलीचा पाय तुटतो आणि चालवणाऱ्याच्या शर्टाचं बटणही तुटत नाही, ही कुठली मोटरसायकल? मामा म्हणाले, “मावशी, तुम्ही याच्यात पडू नका. घरचा मामला आहे.” मी म्हटलं, “कुणाच्या घरचा? या बाईच्या तर दिसत नाही.”

ड्रायव्हर आपल्या तळव्यांकडे बघत होता. मग म्हणाला, “साहेब, मोटरसायकल नव्हती. मिलमध्ये झालं. मी फोर्कलिफ्ट चालवत होतो. ही बाई काम करत होती.” मराठीतच बोलला, हवालदाराला कळलं. नवऱ्याने मान वर केली. ती बाई अजून भिंतीकडेच होती, पण तिचा खांदा हलायला लागला. त्या वेळी मला जे वाटलं ते आनंदाच्या बरंच जवळचं होतं. मी म्हटलं, “आता गाठी कुठपर्यंत रचल्या होत्या ते सांग. कुणी रचायला सांगितल्या ते सांग. हॉर्नचं सांग.”

त्याने मामांकडे पाहिलं. मामा काही बोलले नाहीत, धमकी नाही, डोळे वटारणं नाही. फक्त एक कप त्याच्यापुढे धरला. चहाचा. आणि तो कप दोन्ही हातांनी घेऊन तो म्हणाला, “गाठी मीच रचल्या. माझंच लक्ष नव्हतं. चूक माझी आहे.”

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, वॉर्डातली नर्स धावत आली एवढं आठवतं. हवालदार म्हणाला, “बस काकी, पत्युं.” झालं, मिटलं. त्याला हवं ते मिळालं होतं, एक अपघात आणि एक माणूस ज्याने तो केला.

पुढचं थोडक्यात सांगते. केस त्या ड्रायव्हरवर झाली. मिलने त्याला काढलं, निष्काळजी म्हणून. मामा तिथेच आहेत, फोर्कलिफ्टही तिथेच आहे, हॉर्नची वायर जोडली की नाही ते मला सांगायला आता कुणी नाही. जोडपं गावी गेलं. सामान खाली नेताना त्याची बायको माझ्या दारात थांबली आणि म्हणाली, “मावशी, मोटरसायकल म्हटलं असतं तर यांना काम राहिलं असतं. तुमचं बरं आहे, खरं बोलून तुम्हाला कुठं जायचं नाही.” मी तिला उलट उत्तर दिलं नाही. माझ्याकडे होतं, पण दिलं नाही. त्या बाईचं एवढंच सांगू शकते की मी वॉर्डातून निघताना नवरा स्टूल सोडून पलंगावर बसला होता आणि तिला विचारत होता, पाणी देऊ का. तिने मान हलवून नको म्हटलं. तिच्या जागी मीही नको म्हटलं असतं. इतक्या लवकर कशाला घ्यायचं त्याचं पाणी.

हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. गावाकडची पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायची आणि तुम्हाला त्रास होईल असं काही आलं की गाळायची, तसं हेही वाचताना गाळलं असतं. तुम्ही त्या खोट्याने आम्हा सगळ्यांना वाचवलंत असं आई मरेपर्यंत म्हणायची. मला ते पटत नाही, अजूनही नाही. कंबर मोडलेल्या माणसाच्या अंगावरून आमची शाळा, आमची खोली, आमचा चहा पार झाला, याला वाचवणं म्हणत नाहीत. तुमच्या एका शब्दाने ब्रेक झाले असते. कदाचित झालेही नसते. पण तो गावी गेला तेव्हा निदान तुमच्या तोंडून ऐकून गेला असता, की तो वाकला त्यात त्याची चूक नव्हती.

आणि एक लिहायचं राहिलं. सगळे म्हणतात, मी त्या बाईसाठी गेले होते, तिच्या अब्रूसाठी. मीही तसंच सांगते. पण रिक्षात बसले तेव्हा ती माझ्या डोक्यातही नव्हती, आबा. तिचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं. मी त्या पोराला घेऊन चालले होते ते त्याच्या तोंडून तुमचं वाक्य बदलून घ्यायला.